अंगणात काही नाही

बिश्केक, १४ सप्टेंबर

उलकन एजे,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी पिशवीतलं कुरुत काढून घे. जर्दाळूंच्या खाली आहे. अपा जिच्याकडून घ्यायची त्या बाईचंच आहे, तसंच आंबट, वाळलेल्या दह्याचे दात हलवणारे गोळे.

तू माझा नंबर बंद केलास. सैराला फोन केला, म्हटलं काकांची पोर आहे, निदान दोन शब्द बोलेल. तर "कालिबेक, मला तुम्हा बहीणभावाच्या मध्ये घालू नकोस," एवढं म्हणून तिनं ठेवून दिला. मग कागद काढला. एसेन दर पंधरवड्याला मॉस्कोची बस घेऊन जातो. म्हणाला, "पत्र पोचवतो, उत्तराची हमी देत नाही."

सैराकडून तुझा निरोप मात्र मिळाला. एकेचाळीस नंबरचा फ्लॅट वसंताच्या आत विकून टाकायचा. ठीक आहे. घर तुझं आहे, चौदा वर्षं हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून तू ते घेतलंस. मी फक्त नकाशा काढला.

काल दलाल बाई येऊन गेली, रेनाता नावाची. मी काढलेलं घर ती मलाच समजावून सांगत होती. "आर्किटेक्टसाहेब, माणसं घर घेत नाहीत हो, खिडकी घेतात. इथं दोन खिडक्यांतून डोंगर दिसतो, आणि खाली बघितलं तर एक गाडी नाही, नुसतं कारंजं. याचेच पैसे." अल्माटीचा कुणी गुंतवणूकदार आहे म्हणे, एकदम तीन फ्लॅट घेतोय. एकही पाहिलेला नाही. त्यानं फक्त अंगणाचा फोटो मागवला.

तू रागावली आहेस हे मला कळतं. दफनाआधी अपाला आम्ही अजून थोडा वेळ ठेवायला हवं होतं. पण एजे, विमान उशिरा आलं यात माझा काय दोष? वडीलधाऱ्यांनी दुपारच्या नमाजापर्यंत थांबवलं, पुढं कुणी ऐकेना. आणि एकदा उचलल्यावर खाली ठेवत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. तू रस्ता ओलांडत पळत आलीस तेव्हा मी गाडीत अपाशेजारी होतो. फेब्रुवारीचा बर्फ आणि तुझ्या पायात बूट नव्हते. वीस मिनिटं आधी आली असतीस तर आईचं तोंड बघायला मिळालं असतं. हे मी रोज मनात घोळवतो, तुला काय सांगू.

आणि मयत ठेवायच्या तंबूबद्दल, बोझ-उयबद्दल म्हणशील, तर मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. आपल्या अंगणाखाली गाड्यांचा तळ आहे, अंगण म्हणजे त्याचं छप्पर. त्यावर बोझ-उय उभारायचा, शंभर माणसं जमणार, बाजूला कढया आणि सरपण. एवढा भार तो स्लॅब घेत नाही. म्हणून रस्त्यापलीकडच्या जुन्या चार मजली चाळीच्या अंगणात उभारला. बुबुशबाईंनी ओळखपाळख नसताना जागा दिली, हे विसरू नकोस.

बाकी ठीक. गेल्या आठवड्यात सातव्या मजल्यावर कुणाचं तरी तेल पेटलं. आगीचा बंब थेट कारंज्यापर्यंत आला. फार काही जळलं नाही, फक्त फरशीवर चाकांचे डाग पडलेत, ते निघत नाहीयेत.

कालिबेक


बिश्केक, २ ऑक्टोबर

एजे,

उत्तर आलं नाही. एसेन म्हणतो, पिशवी तू हातात घेतलीस. पत्राचं त्यानं विचारलं नाही.

फ्लॅट रिकामा करतोय. रेनाताच्या मते घरात माणूस राहत होता असं वाटता कामा नये. "साहेब, म्हाताऱ्या माणसाचा वास भाव पाडतो," असं तोंडावर म्हणाली. धंदा आहे तिचा. माझाही तोच आहे, मी तरी काय वेगळं केलं आयुष्यभर. भिंत दोन हात मागं घ्यायची, छत वीतभर वर न्यायचं, की तेवढ्याच विटांचे दीडपट पैसे. तुला फोनवर मीच पटवलं होतं ना? "एजे, बँकेत ठेवशील तर कुजतील. नीट आखलेलं घर स्वतःच कमावतं." ते खोटं नव्हतं. घर कमावतंच आहे. चौऱ्याऐंशी फ्लॅटांपैकी संध्याकाळी दिवे किती लागतात ते मात्र मोजायला जाऊ नकोस. कुणी दुबईत, कुणी मॉस्कोत. सगळे तुझ्यासारखेच, पैसे घालून ठेवलेत आणि राहायला कुणी नाही.

राहिली ती आपली अपा एकटी. गावातल्या घरात तिला थंडी सोसेना म्हणून मी तिला इथं आणलं, तुझ्याच सांगण्यावरून. आल्या आल्या तिनं घरभर फिरून विचारलं, "आणि तोर कुठं रे?"

मी म्हटलं, "अपा, ही एकच मोठी खोली आहे. स्वयंपाक आणि बैठक एकत्र. आता असंच चालतं."

"ते दिसतंय. पण दारातून आलेल्या मोठ्या माणसाला मी सगळ्यात मानाच्या जागी बसवायचं तर ती जागा कुठली? तिथं तर तू फ्रीज ठेवलायस. म्हणजे मानाचा पाहुणा फ्रीज."

मग तिनं फ्रीज हलवायला लावला आणि तिथं लोकरीचा शिरदाक अंथरला. वायरी भिंतीवरून लोंबत राहिल्या. हिवाळ्यात बाल्कनीत घोड्याचं मांस टांगलं, तर व्यवस्थापनाची नोटीस आली की दर्शनी भागाची एकसारखी शोभा बिघडते. ती नोटीस तिनं मला वाचून दाखवायला लावली. शेवटी म्हणाली, "लिहिणारा माणूस उपाशी दिसतोय." तो नियम मीच लिहिलेला होता हे मी तिला सांगितलं नाही.

त्याच नियमावलीत माझं आणखी एक वाक्य आहे: आवार फक्त बघण्यासाठी. बिल्डरला फार आवडलं होतं. माहितीपत्रकात चित्राखाली मोठ्या अक्षरात छापलं. चित्रात एक गोरी बाई बाळाची गाडी ढकलतेय, कारंजं उडतंय, दोन मुलं धावतायत. म्हातारं कुणी नाही. अशा चित्रात कुणी मरत नाही.

अपानं खिडकीतून ते कारंजं पाहिलं, फार वेळ पाहिलं. म्हणाली, "कालिबेक, हे हलवता येतं का?"

"का गं?"

"मी मेले तर बोझ-उय कुठं लावाल?"

"अपा, आत्ताच आलीयेस. चहा तरी पी."

"चहा पितेच आहे. पण मेल्यावर मला सामानासारखं इकडून तिकडं नेऊ नकोस, एवढंच."

मी हसलो. तीही हसली. ती पडदे लावून दे म्हणाली आणि मी लावून दिले.

तिचा शिरदाक तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय.

कालिबेक


बिश्केक, २० ऑक्टोबर

एजे,

फेब्रुवारीत वर्ष होतंय. अपाच्या वर्षाचं जेवण, अश घालायलाच हवं. गावात घालू की इथं, तू सांगशील तसं. सैराला मी विचारलं, तर म्हणाली, "ती येणार नाही. तिला त्या फाटकातून आत जायचं नाहीये."

फाटकानं काय केलंय तुझं? राग असेल तर माझ्यावर असू दे, मी काही पळून जात नाही. पण अपाच्या अशाला मुलगी नाही, असं कुणी ऐकलंय का? लोक काय म्हणतील हे सोड, मलाच तिथं उभं राहवणार नाही.

अल्माटीवाला हो म्हणतोय. जानेवारीच्या शेवटी स्वतः बघायला येणार. कागदपत्रं एसेनबरोबर पाठवतोय. सही करायची की नाही, तुझं तू ठरव. मी दमलो आहे.

क.


बिश्केक, ९ नोव्हेंबर

एजे,

आज एक गोष्ट कळली. लिहावी की नाही, सकाळपासून ठरत नव्हतं.

आपल्या फाटकावरचा म्हातारा पहारेकरी मिखालिच तुला आठवत असेल. मी किल्ल्या द्यायला गेलो तर त्यानं चहा दिला आणि सहज म्हणाला, "तुमची बहीण कशी आहे, साहेब? फार आनंदी बाई. मला चॉकलेट दिलं होतं हो."

मी म्हटलं, "कधी?"

"मागच्या हिवाळ्यात. मी दोन दिवस गावी होतो, त्याच दुपारी कामावर परत आलो होतो. तुमच्या घरी काय झालंय ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ही बाई टॅक्सीतून उतरली. चेहरा पांढराफटक. फाटकात थांबून अंगणात सगळीकडं बघितलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग बॅग टाकली आणि पायरीवर बसलीच. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन गेलो तर हसत होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणते, 'काही नाही, आजोबा. अंगणात काही नाही.' मी म्हटलं, हो, आम्ही स्वच्छ ठेवतो."

मिखालिच रशियन आहे. त्याला यातलं काय कळणार? त्यानं चहात साखर टाकली आणि पुढं सांगितलं की तू त्याला चॉकलेट दिलंस, आईसाठी आणलेल्या डब्यातलं. म्हणालीस, "आई बरी आहे." लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तू आरशात बघून डोक्याचा रुमाल सारखा करत होतीस म्हणे.

मी तुला निरोप काय पाठवला होता? "अपाची तब्येत बरी नाही. घरी ये." आपल्यात असंच कळवतात. दूरच्या माणसाला एकटं असताना मेल्याचं सांगत नाहीत. तो येतो, अंगणात बोझ-उय दिसला की त्याला कळतं, आणि तोवर धरायला चार माणसं जवळ असतात. तू सगळ्या विमानभर तेच धरून बसली असशील. फाटकात उभं राहून अंगण बघितलंस. बोझ-उय नाही. म्हणजे अपा आहे.

तुझे बूट. नऊ महिने मी समजत होतो की दुःखानं तुला भान राहिलं नाही. तू वर गेलीस आणि दारात बूट काढलेस, घरी आल्यावर काढतो तसे. आत बोरसोक तळायला आलेली बुबुशबाईंची सून आणि मयताच्या घरात घालतात तशी आरशांवर कापडं.

आज पुढं लिहवत नाही.


बिश्केक, १७ नोव्हेंबर

एजे,

आठ दिवस हा कागद टेबलावर तसाच पडला होता. आता सगळं लिहितो. वाचून झाल्यावर तुला काय वाटायचं ते वाटू दे.

स्लॅब भार घेत नाही, हे खोटं आहे.

त्या अंगणावर आगीचा बंब चढतो. पंचवीस टनांचा. कायदाच तसा आहे, त्याशिवाय नकाशा पास होत नाही. ते गणित मी स्वतःच्या हातानं केलंय. एक बोझ-उय, शंभर माणसं, चार कढया, वर आख्खा बर्फ धरला तरी त्या स्लॅबला जांभईसुद्धा येणार नाही. पहिल्या पत्रात मी तुला बंबाच्या चाकांचे डाग लिहून कळवले आणि त्याच पत्रात स्लॅबची थाप मारली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर हातात होतं.

व्यवस्थापनानं नाही म्हटलं असं तुला कुणी सांगितलं असेल, तर तेही खोटं. मी त्यांना विचारलंच नाही. बिल्डरलाही नाही. विचारलं असतं तर तो बहुतेक हो म्हणाला असता, त्यालाही आई आहे.

झालं असं. दुसऱ्या इमारतीची विक्री त्या शनिवारी सुरू होत होती. बाहेरगावचे गुंतवणूकदार येणार होते, त्यांना वरच्या मजल्यावरून अंगण दाखवायचं होतं. अपा शुक्रवारी पहाटे गेली. मी तिचे डोळे मिटवले, हनुवटी बांधली, आणि खिडकीशी गेलो. खाली ते कारंजं. आणि मला काय सुचावं? की उद्या पाहुणे वरून बघतील आणि चित्रात नाही असं काहीतरी अंगणात दिसेल. नमद्याचा काळपट तंबू, धूर, काठ्या टेकून रडणारे पुरुष. आई मागं खोलीत निजलेली, आणि मी अंगणाच्या शोभेचा विचार करतोय. कुणी भाग पाडलं नव्हतं मला. कुणाला माहीतही नव्हतं. इतकी वर्षं लोकांना जे विकलं ते माझ्यातच भिनलं होतं, दुसरं काय.

मग मी काकांना सांगितलं, स्लॅब भार घेणार नाही. आर्किटेक्टच सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? मी आणि सैराचे दोन मुलगे, आम्ही अपाला सामानाच्या लिफ्टमधून खाली नेलं आणि रस्ता ओलांडला. सामानासारखं नेऊ नकोस म्हणाली होती ती. अगदी तसंच नेलं.

पलीकडं बुबुशबाई कचरा टाकायला बाहेर आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडं जागा नाही." त्यांनी आमच्या इमारतीकडं मान वर करून बघितलं, चौदा मजले. मग म्हणाल्या, "नसेल बाबा. आण इकडं. आमच्याकडं कधी कमी पडत नाही." आणि पोरांना हाका मारून स्वतःच्या गाड्या हलवायला लावल्या.

तुला मी घरी ये म्हणालो. घर कुठं आहे ते सांगितलं नाही. अपा जिथं होती ते घर, आणि मी तुला पाठवलं एकेचाळीस नंबरला. विमान उशिरा आलं हे खरं आहे. पण ती वीस मिनिटं विमानानं खाल्ली नाहीत, माझ्या अंगणानं खाल्ली. तू तेवढा वेळ सुखात होतीस, हेच मला सहन होत नाही.

माफी कशी मागतात मला येत नाही. मला नकाशा काढता येतो, म्हणून तो काढलाय. सोबत जोडला आहे. अपाचं अश याच अंगणात घालायचं, बोझ-उय उभारून. कारंज्याचा हौद झाकता येतो, सहा फळ्या लागतील. अंगण वापरायचा अर्ज मात्र फक्त घरमालकाला करता येतो, मी तर नुसता नकाशावाला. म्हणजे तुझी सही लागेल.

आणि हेही स्पष्ट सांगतो, मागून म्हणू नकोस. रेनाताला विचारलं. ती म्हणाली, "अल्माटीवाला पळेल, साहेब. एकदा तिथं तंबू दिसला की सगळ्यांना कळेल इथं मयतंही होतात. भाव पडणार." पडेल. तुझ्या चादरींचे पैसे आहेत ते. तू नाही म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही. अश गावात घालू आणि फ्लॅट विकू.

कालिबेक


बिश्केक, २१ डिसेंबर

एजे,

एसेननं काल पाकीट दिलं. मी रस्त्यातच उघडलं, हातमोजे काढून.

चिठ्ठी शोधली, नव्हती. अर्जावर तुझी सही आहे. अल्माटीवाल्याची कागदपत्रं कोरीच परत आली आहेत. नकाशा घडी घालून मागं ठेवला होता. तो बाहेर काढला तेव्हा त्यावर पेन्सिलीनं केलेली खूण दिसली.

मी बोझ-उयचं दार दक्षिणेला काढलं होतं. का, ते तू ओळखलंस. दारातून डोंगर दिसतो म्हणून. आईच्या अशाचा तंबू काढतानाही मी खिडकीच काढली, सवय जात नाही. तू त्या दारावर फुली मारलीस आणि फाटकाच्या बाजूला नवं दार काढलंस, रेघ जरा वाकडी आहे. शेजारी लिहिलंयस:

"दार इकडं. फाटकात पाऊल टाकल्याबरोबर कळलं पाहिजे."

तेवढंच. मी ते बसथांब्यावर उभं राहून किती वेळा वाचलं, माहीत नाही. माझी बस निघून गेली.

दार फिरवलंय. डोंगर आता पाठीशी जातो, जाऊ दे. फळ्या आणून ठेवल्या. बुबुशबाई म्हणाल्या कढया त्यांच्याच वापरायच्या, आणि पोरांना सांगून ठेवलंय. अर्ज दिला तेव्हा व्यवस्थापनाची मुलगी म्हणाली, "पण नियमात लिहिलंय, आवार फक्त बघण्यासाठी." मी म्हटलं, "हो, बघण्यासाठीच लावतोय." तिनं शिक्का मारला.

आज मिखालिचला मी कारंज्याच्या जागी उभं केलं, हातात काठी देऊन, वर माझा कोट अडकवून. मग बाहेर गेलो, जिथं टॅक्सी थांबते तिथून चालत आलो. फाटकात पाऊल टाकलं की दिसतं. चुकवू म्हटलं तरी चुकवता येत नाही. मिखालिच ओरडला, "साहेब, आता खाली ठेवू का?" मी त्याला म्हणालो, आणखी थोडा वेळ राहू दे.

एसेनच्या सतरा फेब्रुवारीच्या गाडीत खिडकीजवळची जागा राखून ठेवली आहे. पैसे भरलेत, तू आली नाहीस तरी रिकामी येईल.

आलीस तर वर जाऊ नकोस. लिफ्टकडं वळूच नकोस, बूट काढू नकोस. फाटकातून सरळ ये. मी दारात उभा असेन.

तुझा,
कालिबेक